यादी नसलेल्या जाळ्याचा नकाशा

एखाद्या बँकेच्या महाराष्ट्रात शाखा किती आणि कोणत्या तालुक्यांत, हे विचारले तर उत्तर मिळते. बँकेच्या मुख्य कार्यालयात यादी असते, रिझर्व्ह बँकेकडेही असते. बिटकॉइनला मुख्य कार्यालय नाही, शाखा नाहीत, परवाना देणारे खाते नाही. या जाळ्यात सामील होताना कोणी नाव-गाव विचारत नाही आणि बाहेर पडताना कोणाला कळवावे लागत नाही. तरीही जगाच्या नकाशावर ठिपके मांडलेली चित्रे सर्रास दिसतात: बिटकॉइनचे एवढे टक्के नोड अमेरिकेत, एवढे जर्मनीत, भारतात नाममात्र. यादीच नाही, तर हे टक्के आले कुठून?

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ‘हे चलन कोणा एका सरकारच्या किंवा कंपनीच्या मुठीत नाही’ हा बिटकॉइनचा सर्वात मोठा दावा आहे. जाळे खरोखरच जगभर पसरलेले असेल तरच तो टिकतो. उद्या असे दिसले की बहुतेक नोड दोन-तीन कंपन्यांच्या इमारतींत बसले आहेत, तर त्या दाव्यातली हवा निघून जाईल. म्हणून बिटकॉइन आवडो वा न आवडो, हा पसारा कसा मोजतात आणि मोजणी कुठे फसते हे समजून घेतले पाहिजे.

नोड कोणाला म्हणायचे

सातोशी नाकामोतो या नावाने ऑक्टोबर २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या खातेवहीचे पहिले पान, म्हणजे पहिला ब्लॉक तयार झाला. तेव्हापासून झालेला प्रत्येक व्यवहार या खातेवहीत आहे. बिटकॉइनचा प्रोग्रॅम चालवणारा, नवा प्रत्येक व्यवहार आणि ब्लॉक स्वतः तपासणारा आणि पुढे पाठवणारा संगणक म्हणजे नोड. संपूर्ण खातेवही ठेवायची तर आज सहाशे जीबीहून अधिक जागा लागते. जुनी पाने तपासून टाकून देण्याची सोयही आहे, त्यामुळे साध्या संगणकावरही नोड चालतो.

इथे दोन गल्लती नेहमी होतात. मोबाइलच्या अ‍ॅपवर बिटकॉइन विकत घेणारा माणूस नोड चालवत नसतो. तो एका कंपनीचा ग्राहक असतो. आणि नोड म्हणजे मायनर नव्हे. मायनर प्रचंड वीज खर्चून नवा ब्लॉक तयार करण्याची शर्यत लावतात. तो ब्लॉक नियमात बसतो की नाही, हे प्रत्येक नोड आपले आपण ठरवतो. मायनिंगचा नकाशा वेगळा, नोडांचा वेगळा. बातम्यांमध्ये हे दोन नकाशे इतक्या वेळा एकमेकांच्या जागी छापले जातात, की वाचकाने आधी तेवढेच तपासावे.

कोणत्याही नोडला संपूर्ण जाळे दिसत नाही. सर्वाधिक वापरला जाणारा ‘बिटकॉइन कोअर’ हा प्रोग्रॅम स्वतःहून साधारण १० नोडांशी जोडणी करतो आणि बाहेरून येणाऱ्या धरून १२५ पर्यंत जोडण्या सांभाळतो. बातमी एकाकडून दुसऱ्याकडे अशीच पसरते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील ख्रिश्चन डेकर आणि रॉजर वॉटनहोफर यांनी २०१३ मध्ये मोजले, तेव्हा नवा ब्लॉक निम्म्या नोडांपर्यंत पोहोचायला साडेसहा सेकंद लागत होते, आणि ४० सेकंदांनंतरही ५ टक्के नोड त्या बातमीविना होते.

ओळखीतून ओळख

समजा, तुम्ही अशा वस्तीत गेलात जिथे मतदारयादी नाही, घरांना नंबर नाहीत आणि तुम्हाला घरे मोजायची आहेत. पहिल्या दारात जाऊन तुम्ही विचाराल, ‘तुमच्या ओळखीची घरे कोणती?’ तिथे वीस घरे कळतील. त्या वीस दारांत जाऊन पुन्हा तोच प्रश्न. हळूहळू नवी नावे येणे कमी होईल, तीच तीच घरे पुन्हा सांगितली जातील. मग समजायचे की वस्ती बहुतेक पालथी घातली.

बिटकॉइनचे नोड याच रीतीने मोजतात. पहिले दार कोणते, याची सोय प्रोग्रॅममध्येच आहे. बिटकॉइनच्या काही जुन्या विकासकांनी चालवलेल्या मोजक्या सर्व्हरांची नावे त्यात लिहिलेली असतात. नवा नोड सुरू झाला की त्यांच्याकडून चालू नोडांचे थोडे पत्ते घेतो. पुढे ‘गेटअ‍ॅडर’ नावाचा निरोप पाठवला, की समोरचा नोड आपल्या वहीतले काही पत्ते कळवतो. एका निरोपात जास्तीत जास्त १००० पत्ते मावतात. प्रत्येक पत्त्यापुढे, तो शेवटचा कधी दिसल्याचे ऐकले, ती वेळ असते.

मोजणारा प्रोग्रॅम, म्हणजे क्रॉलर, मिळालेल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन दार वाजवतो. दार म्हणजे पोर्ट: संगणकावर वेगवेगळ्या कामांसाठी ठरलेली क्रमांकित प्रवेशद्वारे. बिटकॉइनचे नेहमीचे पोर्ट ८३३३. उत्तर आले तर नोड जिवंत, त्याच्याकडून पुन्हा पत्ते घ्यायचे. ॲडी यिओ यांचा ‘बिटनोड्स’ हा प्रकल्प २०१३ पासून हेच काम अखंड करतो आहे. काही मिनिटांत एक फेरी संपते आणि लगेच दुसरी सुरू होते. जर्मनीतील कार्ल्सरूह तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकही २०१५ पासून जाळ्यावर असेच लक्ष ठेवून आहेत. तुम्ही पाहिलेला नकाशा बहुधा अशाच एखाद्या फेरीचा निकाल असतो.

वर्णन सोपे वाटले तरी काम सोपे नाही. नोडांच्या वहीतले बरेच पत्ते शिळे असतात; कधी काळी चालू असलेले, आता बंद. शिवाय कोणताही नोड आपली सगळी वही उघडून दाखवत नाही. विचारणाऱ्याला तो वहीतला जेमतेम चौथा हिस्सा देतो, आणि जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून साधारण एक दिवसभर पुन्हा पुन्हा तेच उत्तर देतो. हे मुद्दाम केलेले आहे. कोण कोणाशी जोडलेला आहे हे बाहेरच्याला कळले, तर हल्ला करणे सोपे जाते. विकासकांची ही काळजी रास्त आहे, आणि मोजणाऱ्यांच्या वाटेतली सर्वात मोठी अडचणही तीच आहे.

चुकीचे पत्ते कोणी मुद्दामही पसरवू शकतो. २०२१ च्या जुलैमध्ये जाळ्यावर अचानक असंख्य निरर्थक पत्त्यांचा पूर आला. आकडे वाटेल तसे जुळवून बनवलेल्या त्या पत्त्यांवर नोड नव्हतेच. नोड बिचारे ऐकलेले पुढे सांगत राहिले. त्यानंतर बिटकॉइन कोअरने एका जोडीदाराकडून सरासरी १० सेकंदांना एकच पत्ता स्वीकारायचा, अशी मर्यादा घातली. कार्ल्सरूहच्या संशोधकांनी मात्र त्या पुराचा उपयोग करून घेतला. खोटे पत्ते कसे विखुरतात हे पाहून, एकेका नोडला जोडीदार किती असावेत याचा अंदाज त्यांनी बांधला. ज्या पुराने मोजणी बिघडवली, त्याच पुरातून नवी मोजणी काढणे हा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात सुंदर भाग वाटतो.

चौकट: एका भेटीत नोड काय सांगतो

क्रॉलर आणि नोड यांची भेट होते तेव्हा दोघे एकमेकांना ‘व्हर्जन’ नावाचा निरोप पाठवतात. त्यात असते:

• प्रोग्रॅमचे नाव आणि आवृत्ती, उदाहरणार्थ ‘सातोशी २५.०.०’. हे नाव कोणालाही बदलता येते.
• नोड कोणत्या सेवा देतो: जुने सगळे ब्लॉक देऊ शकतो, की फक्त अलीकडचे.
• त्याच्या खातेवहीतला शेवटचा ब्लॉक क्रमांक. तो फार मागे असेल तर नोड अजून खातेवही उतरवून घेतो आहे.
• त्याच्या घड्याळातली वेळ. ही वेळ जगभर एकाच मापात, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते, त्यामुळे तिच्यावरून तो भारतात आहे की ब्राझीलमध्ये, हे कळत नाही.

देश, शहर, मालकाचे नाव यातले काहीही या निरोपात नसते.

पत्त्यावरून गाव

नोड ठिकाण सांगत नसेल, तर नकाशावर ठिपका कोण ठेवतो? हाती असतो तो केवळ आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्या जोडणीला मिळालेला क्रमांक. त्यावरून ठिकाण काढायचे, म्हणजे तो क्रमांक कोणी कोणाला दिला याचा माग काढायचा. जगात हे क्रमांक वाटणाऱ्या पाच प्रादेशिक संस्था आहेत. आशिया-पॅसिफिकची संस्था ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे, आणि भारतातल्या कंपन्यांना क्रमांक देणारी संस्था ‘निक्सी’च्या अखत्यारीत आहे. त्यांच्या नोंदी उघड असतात. अमुक क्रमांकांचा गट अमुक देशातल्या अमुक कंपनीला, इतके त्यातून कळते.

देशापर्यंत ही नोंद बऱ्याचदा बरोबर असते. गावापर्यंत जायचे म्हटले की गोंधळ सुरू होतो. कणकवलीत बसलेल्या माणसाला फोनवर मुंबईतल्या दुकानाची जाहिरात दिसते, ती यामुळेच. सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा सगळा प्रवाह मुंबईतून बाहेर पडतो, म्हणून तिचे सगळे ग्राहक मुंबईकर ठरतात. नोंदणीचा पत्ता आणि वापराचे ठिकाण वेगळ्या खंडांतही असू शकते. आफ्रिकेच्या नोंदणी संस्थेने दिलेले कितीतरी क्रमांक प्रत्यक्षात आशियात भाड्याने वापरात आहेत.

म्हणून ठिकाण सांगणाऱ्या कंपन्या नोंदणीला इतर पुरावे जोडतात. काही सेवा पुरवठादार स्वतःच ‘हा गट या शहरात’ अशी फाइल प्रसिद्ध करतात. वाटेतल्या राउटरांच्या नावांत अनेकदा विमानतळांची अक्षरे असतात: ‘बीओएम’ दिसले तर मुंबई, ‘एफआरए’ दिसले तर फ्रँकफर्ट.

सर्वात भक्कम पुरावा मात्र वेळेचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला २०० किलोमीटर. निरोप जाऊन उत्तर परत यायचे असल्याने, दर मिलिसेकंदामागे अंतर जास्तीत जास्त १०० किलोमीटर. मुंबईतून पाठवलेल्या निरोपाला २० मिलिसेकंदांत उत्तर आले, तर समोरचा संगणक २००० किलोमीटरच्या आतच असला पाहिजे. नोंदवहीत तो फ्रँकफर्टला, साडेसहा हजार किलोमीटरवर दाखवला असेल, तर नोंदवही चूक. उलट दिशेने मात्र हा पुरावा चालत नाही. उत्तराला २०० मिलिसेकंद लागले म्हणून संगणक लांबच आहे असे म्हणता येत नाही. वाट वाकडी असेल, रांग लागली असेल, किंवा मधे कोणी मध्यस्थ असेल. प्रकाशाची गती जवळ असल्याची खात्री देते, लांब असल्याची देत नाही. एकाच पत्त्याला जगातल्या अनेक शहरांतून निरोप पाठवले, तर अशा वर्तुळांच्या छेदातून ठिकाण बरेच आवळता येते. पण हजारो नोडांसाठी हे काम कष्टाचे आहे, म्हणून बहुतेक नकाशे अशा कंपन्यांनी तयार केलेल्या पत्ता-ठिकाण कोशावर भिस्त ठेवतात.

अशा कोशावर आंधळा विश्वास ठेवला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात आहे. मॅक्समाइंड ही या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी. एखादा पत्ता ‘अमेरिकेत आहे’ एवढेच माहीत असेल, तर तिच्या कोशात देशाच्या मध्याचा एक बिंदू नोंदवला जाई. खऱ्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश किचकट होते, म्हणून ३८ अंश उत्तर आणि ९७ अंश पश्चिम असा सुटसुटीत आकडा घेतला गेला. तिथे, पॉटविन या गावाजवळ, एक शेतघर होते. पत्रकार काश्मीर हिल यांनी २०१६ मध्ये हे उघड केले, तोपर्यंत तब्बल ६० कोटी पत्ते त्या एका शेतावर ‘राहत’ होते. फसवणूक झालेले लोक, पोलीस, केंद्रीय तपास अधिकारी वर्षानुवर्षे त्या दारात येऊन चोर शोधत होते, आणि तिथे राहणाऱ्यांना काहीच उमगत नव्हते. पुढे कंपनीने तो बिंदू उचलून एका जलाशयाच्या मधोमध नेला. कोशात ‘नक्की माहीत नाही’ असे लिहायला रकाना असता, तर एका कुटुंबाचे हाल वाचले असते. नोडांच्या नकाशातही नेमका हाच रकाना सर्वात महत्त्वाचा आहे.

जर्मनीत इतके नोड का?

नकाशांत जर्मनी नेहमी वरच्या क्रमांकांत असतो. जर्मन माणसाला बिटकॉइनचे विशेष वेड आहे, असा निष्कर्ष काढण्याआधी सॅक्सनीतल्या फाल्केनस्टाइन या छोट्या गावाकडे पाहायला हवे. तिथे आणि न्युरेनबर्गला हेट्झनर कंपनीची मोठी डेटा सेंटर आहेत, आणि तिथला सर्व्हर स्वस्तात भाड्याने मिळतो. पुण्यातल्या एखाद्या अभियंत्याने तो घेऊन नोड सुरू केला, तर नकाशावर ठिपका जर्मनीत पडतो. माणूस पुण्यात, पैसे पुण्यातून, निर्णय पुण्यात, पण मोजणीत जर्मनी.

ही तुरळक गोष्ट नाही. कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांच्या २०१८ मधील अभ्यासात बिटकॉइनचे ५६ टक्के नोड डेटा सेंटरांत आढळले. इथेरियम या अशाच दुसऱ्या चलनाचे २८ टक्के. तेव्हा देशवार टक्केवारी म्हणजे बऱ्याच अंशी स्वस्त सर्व्हर कुठे मिळतात, याची टक्केवारी असते.

माझ्या मते देशांपेक्षा जास्त बोलका हिशेब जाळ्यांचा आहे. इंटरनेट हे एकसंध जाळे नव्हे. एकेका कंपनीच्या किंवा संस्थेच्या ताब्यातली हजारो स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडून ते बनले आहे. मारिया अपोस्टोलाकी, अविव्ह झोहर आणि लॉरां व्हानबेव्हर यांनी २०१७ मध्ये हा हिशेब मांडला, तेव्हा केवळ १३ जाळ्यांत ३० टक्के नोड होते आणि ५० जाळ्यांत निम्मे. नोडांमधल्या साठ टक्क्यांहून अधिक संभाव्य जोडण्या तीन मोठ्या वाहतूकदार कंपन्यांच्या नजरेखालून जाऊ शकत होत्या. देशांच्या नकाशावर जाळे जगभर विखुरलेले दिसत होते, आणि त्याच वेळी तारा मूठभर हातांत होत्या. ज्याला बिटकॉइन तोडायचे किंवा त्यावर पाळत ठेवायची असेल, तो हा दुसरा नकाशा पाहील.

बिटकॉइनचे विकासक तो आधीपासून पाहत आले आहेत. एखाद्या नोडच्या सगळ्या जोडण्या हल्लेखोराने आपल्याच संगणकांकडे वळवल्या, तर त्या नोडला खोटे जग दाखवता येते; २०१५ मध्ये संशोधकांनी हे करून दाखवले होते. म्हणून बिटकॉइन कोअर जोडीदार निवडताना एकाच गटातले पत्ते टाळतो. २०२० पासून, पत्ता नेमका कोणत्या कंपनीच्या जाळ्यातला आहे हे पाहून विविधता राखण्याची ऐच्छिक सोयही त्यात आहे. देश कोणता, हे तो पाहतच नाही.

जे दार उघडत नाहीत

आतापर्यंत बोललो ते दार वाजवल्यावर उघडणाऱ्या नोडांबद्दल. वस्तीत अशीही घरे असतात, जिथली माणसे बाहेर जाऊन सगळ्यांना भेटतात, पण त्यांचे स्वतःचे दार बाहेरच्याला सापडत नाही. बिटकॉइनमध्ये अशीच घरे जास्त आहेत.

कारण आपल्या घराघरांत आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे क्रमांक सुमारे ४३० कोटीच आहेत आणि ते केव्हाच संपले. म्हणून घरातला राउटर सगळ्या उपकरणांना एकाच क्रमांकामागे बसवतो. भारतातल्या मोबाइल आणि अनेक ब्रॉडबँड कंपन्या त्याहून पुढे जाऊन अनेक घरांना मिळून एक क्रमांक वापरतात. अशा घरातला नोड बाहेर जोडणी करू शकतो, व्यवहार तपासतो, पुढे पाठवतो. पण बाहेरून कोणी त्याच्या ८३३३ वर आले, तर निरोप कोणत्या घरात न्यायचा हे कंपनीच्या यंत्राला ठाऊकच नसते. क्रॉलरच्या लेखी तो नोड नाही. नकाशात भारत इतका फिका दिसतो, त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

न दिसणाऱ्यांची संख्या कशी काढायची? कार्ल्सरूहच्या संशोधकांनी दार वाजवण्याऐवजी कान दिला. नोड अधूनमधून स्वतःचा पत्ता जाळ्यात जाहीर करतो, मग त्या पत्त्यावर बाहेरून पोहोचता येवो की न येवो. असे ताजे पत्ते गोळा करायचे आणि त्यांतले गाठता न येणारे वेगळे काढायचे. या रीतीने २०२० च्या अखेरीस दररोज सुमारे ३१,००० न गाठता येणारे, पण जाळ्याच्या उपयोगी पडणारे नोड आढळले. पडताळणीत असेही दिसले की या रीतीने प्रत्यक्षातले निम्मेच सापडतात. त्या सुमारास उघड्या दारांचे नोड दहा-अकरा हजार होते. म्हणजे प्रसिद्ध नकाशात जाळ्याचा लहान तुकडाच होता.

उलटी चूकही होते. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सुमारे ८,७२,००० वेगवेगळे नोड-पत्ते गोळा केले होते. पण घरच्या जोडणीचा क्रमांक दर काही दिवसांनी बदलतो, आणि तोच संगणक नव्या पत्त्याने पुन्हा मोजला जातो. शिवाय एकाच नोडला जुन्या पद्धतीचा एक, नव्या पद्धतीचा एक आणि ठिकाण झाकणाऱ्या टॉर या जाळ्यावरचा एक असे तीन पत्ते असू शकतात. त्यामुळे एका क्षणाची मोजणी आणि महिनाभराची बेरीज यांत शंभरपटीचा फरक पडू शकतो, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात. आकड्याबरोबर ‘किती वेळात मोजले’ हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा वाचण्यात अर्थ नाही.

ताडोबात वाघ मोजताना वापरतात, ती संख्याशास्त्रीय रीत इथेही लावता येते. समजा, दोन स्वतंत्र मोजण्या केल्या: एकीत ४००० नोड सापडले, दुसरीत ५०००, आणि दोन्हींत समान २०००. दुसऱ्या मोजणीने पहिलीतले निम्मे पकडले, म्हणजे तिने एकूण जाळ्यातलेही निम्मेच पकडले असावेत. म्हणून एकूण १०,०००. अट एवढीच की प्रत्येक नोड सापडण्याची शक्यता सारखी हवी. डेटा सेंटरातला नोड चोवीस तास जागा असतो, तो दोन्ही मोजण्यांत येतो. घरचा नोड रात्री बंद होतो, तो दोन्हींतून निसटतो. समान आकडा फुगतो आणि एकूण अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. तेव्हा या रीतीचे उत्तर ‘निदान इतके तरी’ असे वाचायचे.

टॉरच्या पडद्याआड

अलीकडच्या वर्षांत नकाशावर सर्वात मोठा बदल टॉरने घडवला. टॉर म्हणजे निरोप अनेक मध्यस्थांमधून, कुलपांवर कुलपे लावून नेणारे जाळे. शेवटी पोहोचलेल्याला निघालेला कुठला, हे कळत नाही. टॉरवरचा नोड आपला पत्ता ५६ अक्षरांच्या सांकेतिक नावाने देतो. त्यात ना देश, ना कंपनी. २०२१ च्या सुरुवातीला बिटकॉइन कोअरने हे लांब पत्ते जाळ्यात फिरवण्याची सोय केली आणि टॉरवरचे नोड झपाट्याने वाढले. आज गाठता येणाऱ्या नोडांपैकी निम्म्याहून अधिक टॉरवर आहेत.

यात एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. टॉरवर नोड उघडायला राउटरचे पोर्ट उघडावे लागत नाही, स्वतंत्र क्रमांकही लागत नाही. कंपनीच्या सामायिक क्रमांकामागे अडकलेला घरचा नोड टॉरमधून आरामात गाठता येतो. घरी नोड चालवण्यासाठी मिळणाऱ्या ‘अंब्रेल’सारख्या तयार संचांनी तर टॉरला पहिल्यापासून जवळ केले. तेव्हा नाशिकचा किंवा मडगावचा एखादा नोड मोजणीत असेलही, पण ‘ठिकाण अज्ञात’ या रकान्यात.

आता टक्केवारीची गंमत पाहा. समजा १०० नोड सापडले, त्यांतले ६० टॉरवर, १० अमेरिकेत. अमेरिकेचा वाटा किती? शंभरातले दहा, म्हणजे १० टक्के. ठिकाण कळलेल्या चाळिसातले दहा, म्हणजे २५ टक्के. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, आणि बातम्या मात्र दोन टोकांच्या होतात. दुसऱ्या हिशेबात असे गृहीत धरलेले असते की टॉरमागची माणसे देशोदेशी त्याच प्रमाणात विखुरली आहेत. याला आधार नाही. जिथे सरकारची करडी नजर आहे, तिथले लोक पडद्याआड जास्त जातील, हे उघड आहे.

मायनिंगच्या नकाशात हे घडून गेले आहे. केंब्रिज विद्यापीठाचे केंद्र मायनरांच्या आयपी पत्त्यांवरून देशवार वाटा काढत असे. चीनचा वाटा सप्टेंबर २०१९ मध्ये ७५ टक्के होता, एप्रिल २०२१ मध्ये ४६. मग चीनने बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये आकडा शून्यावर आला. सप्टेंबरमध्ये तो पुन्हा २२ टक्क्यांवर होता. एवढी यंत्रे दोन महिन्यांत गायब होऊन परत आली असतील, हे पटण्यासारखे नाही. काही काळ पत्ते झाकले गेले होते, असाच अर्थ केंद्राने लावला. त्याच नकाशात जर्मनी आणि आयर्लंडचे वाटेही मोठे दिसत होते. तिथे तेवढे मोठे मायनिंग असल्याचा पुरावा नाही, पत्ते वळवल्यामुळे आकडे फुगले असावेत, हे केंद्राने स्वतःच नमूद केले. मोजणाऱ्याने आपल्या मोजणीची दुखरी जागा अशी उघड सांगावी. त्याने आकड्याचे वजन वाढते.

कोणत्या आकड्यावर भिस्त ठेवावी

एका दिवसाची देशवार टक्केवारी हा या सगळ्यातला सर्वात कच्चा आकडा, आणि तोच सर्वात जास्त छापला जातो. त्याहून पक्का, एकाच रीतीने वर्षानुवर्षे केलेल्या मोजणीतला कल. रीतीत चूक असली तरी ती दरवेळी जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे वाढ-घट खरी निघण्याची शक्यता बरी. सर्वात उपयोगी हिशेब, निम्मे नोड किती जाळ्यांत आहेत, हा. ती संख्या वाढत असेल तर जाळे खरोखर पसरते आहे. आणि कोणत्याही नकाशाखाली ‘ठिकाण अज्ञात’चा आकडा छापलेला नसेल, तर तो नकाशा अपुरा समजावा.

भारतात घरी नोड चालवणाऱ्याला दोन वाटा आहेत. सेवा पुरवठादाराकडून जादा पैसे भरून स्वतंत्र स्थिर क्रमांक घ्यायचा आणि राउटरवर ८३३३ उघडायचे. मग नकाशात भारताचा एक ठिपका वाढतो, पण घरच्या जोडणीवर बिटकॉइन चालते हे साऱ्या जगाला दिसते. दुसरी वाट टॉरची. तिथे खर्च नाही, घराचा पत्ता उघड होत नाही आणि जाळ्याच्या उपयोगी पडण्यात काही उणे राहत नाही. बहुतेकांना मी दुसरीच वाट सुचवेन. त्यांच्यामुळे नकाशात भारताचा आकडा वाढणार नाही. ‘ठिकाण अज्ञात’चा एकाने वाढेल.